पॉलिसीवर अजून सासूबाईंचं नाव आहे

"ताई, मी विचारलं तर ह्यांना वाटंल, ही माझ्या मरणाची वाट बघतीया."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर सल्ल्यासाठी आलेली एक तरुण बाई गेल्या महिन्यात हे बोलली आणि दाराकडे बघितलं, जणू बाहेर कुणी ऐकलं असेल. नवऱ्याने लग्नाआधी विमा पॉलिसी काढली होती, त्यावर त्याच्या आईचं नाव. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं झाली, नाव तेच आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाचे? आणि हे घरात विचारायचं कसं?

हा प्रश्न माझ्याकडे क्वचितच सरळ येतो. झोप लागत नाही, सासूशी पटत नाही, दिरांच्या घरी जायची इच्छा होत नाही, अशा तक्रारींच्या मागून तो येतो. 'शुभ बोल नाऱ्या' ऐकत वाढलेली आपण माणसं, मरणाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो. तिला मी एका दुसऱ्या घराची हकिकत सांगितली. त्या घराची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं बदलून इथेही सांगते.

उद्यमनगरात छोटं मशीन शॉप असलेला अडतीस वर्षांचा माणूस डिसेंबर 2024 मध्ये हार्ट अटॅकने गेला. मागे आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. वडील आधीच 2021 मध्ये कोरोनात गेले होते. माणूस जबाबदार होता. तीन पॉलिसी होत्या, हप्ता एकदाही चुकला नव्हता. तरीही जुलैपर्यंत घरात अशी वेळ आली, की सासू-सून एकाच स्वयंपाकघरात दोन वेगळ्या वेळी चहा करत होत्या. मुलीने शाळेत डबा उघडायच्या आधी बाईंना विचारलं, "हे आजीच्या पैशाचं आहे का मम्मीच्या?" त्या बाईंनीच दोघींना माझ्याकडे पाठवलं.

झालं होतं ते असं. पहिली पॉलिसी 2011 सालची, स्वतःची पहिली लेथ घेतली त्या वर्षी काढलेली. नॉमिनी आई. बोनससकट नऊ लाख साठ हजार रुपये झाले आणि कागद दिल्यावर ते आईच्या खात्यावर जमा झाले. दुसरी पंचवीस लाखांची टर्म पॉलिसी. तिच्यावर मुलीचं नाव, आणि मुलगी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतली, म्हणून तिच्या वतीने पैसे घ्यायला आजोबांचं. आजोबा गेल्यावर ती जागा भरायची कुणालाच आठवण राहिली नाही. कंपनीने आधी पालकत्वाचे कागद मागितले आणि ती रक्कम अडकली. तिसरी छोटी पॉलिसी वर्कशॉपच्या कर्जासाठी बँकेच्या नावावर केलेली होती. कर्ज फिटून दोन वर्षं झाली होती, पण पॉलिसी परत स्वतःच्या नावावर करून घेतलेली नव्हती. त्यामुळे पुढचा प्रत्येक कागद बँकेतून फिरून येत होता.

म्हणजे रोख रक्कम सगळी सासूबाईंच्या हातात, आणि शाळेची फी, लाईट बिल, दुकानाचं भाडं सुनेच्या डोक्यावर. दीर आईला म्हणत होते, "कंपनीनं तुझ्या नावावर दिलेत म्हणजे ते तुझेच." सुनेचा भाऊ म्हणत होता, "केस टाकू. आता हायकोर्टाचं सर्किट बेंचपण कोल्हापुरात येतंय." दोघंही आपापल्या माणसाच्या प्रेमापोटीच बोलत होते, आणि दोघांच्याही बोलण्यात अर्धीच माहिती होती. हायकोर्ट राहिलं बाजूला, असा दावा आधी कसबा बावड्याच्या दिवाणी कोर्टात जातो आणि तिथे वर्षं जातात.

मला वाटतं, या गोंधळाचं मूळ आपल्या एका शब्दात आहे. एजंट फॉर्म भरताना विचारतो, "वारस कोण लावू?" आणि तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नोंद करतानाही आपण 'वारस लावणे' असंच म्हणतो. शब्द एकच, गोष्टी दोन. सातबाऱ्याला लागतात ते कायद्याने ठरलेले वारस. पॉलिसीवर लागतो तो नॉमिनी, म्हणजे कंपनीने पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते नाव. नॉमिनीला पैसे दिले की कंपनी मोकळी होते. ते पैसे शेवटी कुणाचे, हा प्रश्न तिथे संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये हेच सांगितलं होतं, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. मग 2015 मध्ये विमा कायद्याचं कलम 39 बदललं. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचा स्वतःचा लाभाचा हक्क, असं त्यात आलं. दिरांच्या बोलण्याला आधार होता तो इथे. पण 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर जवळजवळ असंच घर आलं. लग्नाआधीची पॉलिसी, नॉमिनी आई, मागे बायको आणि मूल. न्यायालयाने तिघांना सारखे वाटे दिले, कारण त्यांच्या मते या दुरुस्तीने वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. सगळ्या न्यायालयांनी याकडे एकाच नजरेने पाहिलेलं नाही. म्हणून कुणी छातीठोकपणे "शंभर टक्के तुमचेच" म्हणालं तर मला भीती वाटते. भांडायला जागा आहे, आणि जिथे जागा असते तिथे घरं मोडतात.

हे मी त्या दोघींना पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंना फक्त विचारलं, "काकू, ही पॉलिसी काढली तो दिवस आठवतो का?"

त्यांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून बाँडची झेरॉक्स काढली. मूळ कागद कंपनीकडे जमा झाला होता. झेरॉक्सवर एका कोपऱ्यात करडा डाग होता. "ह्यो गुलाल हाय," त्या म्हणाल्या. पॉलिसी हातात आल्यावर मुलगा त्यांना गाडीवर बसवून जोतिबाला घेऊन गेला होता. कागद देवापुढे ठेवला, गुलाल लागला, तो त्यांनी पुसू दिला नाही. डोंगर उतरताना तो म्हणाला होता, "आई, तुझं नाव लावलंय." त्या डागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "त्यानं मायेनं लावलं हुतं ओ. आता सगळी म्हणत्यात ते चुकीचं हुतं. मग त्येची मायाबी चुकीची हुती का?"

सून खाली बघत होती. ही गोष्ट तिला माहीत नव्हती. आठ महिने तिला वाटत होतं, सासूला पैसे हवेत. सासूला आठ महिने वाटत होतं, सुनेला आपलं नाव पुसायचंय. नऊ लाख साठ हजारांबद्दल त्या दोघी प्रत्यक्षात एकदाही बोलल्या नव्हत्या. बोलले होते दीर आणि भाऊ.

कायद्याचं बोलणं तिसऱ्या भेटीत झालं. ओळखीच्या वकीलबाईंना मी बोलावून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं, की मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात विवाहित मुलाच्या मागे आई, बायको आणि मुलं पहिल्या वर्गात येतात, सारख्या वाट्याने. भाऊ त्यात नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "म्हंजी माझाबी वाटा हाय?" आहे म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली आले. मुलाने लावलेलं नाव खोटं ठरत नव्हतं, फक्त एकटं राहत नव्हतं. प्रत्येकीला तीन लाख वीस हजार, असं कागदावर लिहून सह्या झाल्या. मुलीचा वाटा तिच्या नावे ठेवीत. अडकलेले पंचवीस लाख पालकत्वाचे कागद पुरे झाल्यावर दिवाळीनंतर आले. त्यावर सासूबाईंनी हक्क सांगितला नाही, आणि कुणी सांगायला लावलाही नाही.

ही हकिकत ऐकून माझ्यासमोरची बाई म्हणाली, "मग मी काय करू? सासूबाईंचं नाव काढायला लावू?"

नाही. हाच सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि तो घरात विष कालवतो. एका पॉलिसीवर एकापेक्षा जास्त नावं लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. आई नवऱ्यावरच अवलंबून असेल तर तिचं नाव राहायलाच हवं. आणि बदल करायचा तो तिच्या समोर. मागाहून कळलेला चांगला निर्णयसुद्धा चोरीसारखा वाटतो.

विषय काढायची माझी एक रीत आहे, ती तिला सांगितली. "तुमची पॉलिसी दाखवा" असं म्हणायचं नाही. आधी स्वतःचे कागद काढायचे. तिचं स्वतःचं बचत खातं होतं, त्यावर लग्नाआधीचं वडिलांचं नाव तसंच होतं! मी म्हटलं, यापासून सुरुवात करा. "अहो, माझ्या खात्यावर अजून बाबांचंच नाव आहे, बदलायला हवं, तुमचं काय काय आहे ते पण एकदा बघूया का?" मरणाचं नाव न काढता कागद जेवणाच्या टेबलावर येतात.

कागद आले की नुसती नावं वाचू नका. मुलाचं नाव असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती कोण लिहिलीय आणि ती हयात आहे का, ते बघा. कर्जापोटी पॉलिसी कुठे अडकवली असेल आणि कर्ज फिटलं असेल, तर ती परत नावावर करून घ्या. नॉमिनी आधीच गेला असेल आणि दुसरं नाव नसेल, तर रक्कम वारसांकडे जाते, पण त्यासाठी बहुतेक वेळा कोर्टाचा वारसा दाखला आणायला धावावं लागतं. मृत्युपत्र करून "सगळं बायकोला" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. मृत्युपत्राने नॉमिनी बदलता येतो, पण कंपनीला लेखी कळवलेलं नसेल तर ती जुन्या नावालाच पैसे देईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

तिचा नवरा ट्रान्स्पोर्टच्या धंद्यात, डोक्यावर कर्ज. म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ती नंतर करता येत नाही. 1874 सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून चालू आहे. नवी पॉलिसी घेतानाच त्याखाली बायको-मुलांच्या नावे घोषणा केली, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी म्हणून राहते, धंद्यात ज्यांचं देणं आहे त्यांना सहसा त्यावर हात टाकता येत नाही. जुन्या पॉलिसीला हे मागून चिकटवता येत नाही, आणि एकदा नावं दिली की नवऱ्याला मनात आलं म्हणून बदलताही येत नाहीत. घाईत सही करू नका, पण विचारा नक्की.

आणि दावा करायची वेळ आलीच, कंपनीने टोलवाटोलवी केली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तिथे न्याय मिळाला नाही तर कोल्हापूरकरांसाठी पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. नवरा चिडला नाही. म्हणाला, "मला वाटलं हुतं, लग्न झाल्यावर आपोआप बदलतंय." शाखेत तिघं मिळून गेले, सासूबाईही. साठ टक्के बायको, चाळीस टक्के आई, असं ठरलं. टक्के सासूबाईंनीच सांगितले.

त्या पहिल्या घरच्या काकू मध्यंतरी परत येऊन गेल्या. स्वतःच्या वाट्याचे तीन लाख वीस हजार त्यांनी ठेवीत टाकलेत. नॉमिनी नात. फॉर्मवर अज्ञान नॉमिनीच्या वतीने रक्कम घेणाऱ्याची जागा होती, तिथे सुनेचं नाव लिहायचं होतं. चष्मा लावून, एकेक अक्षर दाबून त्यांनी लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"वेलांटी बरोबर हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "हिचं पुरं नाव मी कधी लिवलंच नव्हतं."