रजोनिवृत्ती ‘चालू’ कशी असेल?

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४५, पाळी मागेपुढे होते म्हणून दाखवायला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘पेरिमेनोपॉज’ लिहिलं, म्हणजे पाळी जाण्याच्या आगेमागेचा काळ. घरी नणंद म्हणाली, ‘म्हंजे तुमची रजोनिवृत्ती चालू आहे, वहिनी.’ ताईंना दोन गोष्टी हव्यात: या पेरिमेनोपॉजला मराठीत काय म्हणायचं, आणि रजोनिवृत्ती ‘चालू आहे’ बरोबर की ‘सुरू झाली’ बरोबर?

दोन्ही चूक. हळदीकुंकवाला, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जावं तिथे ‘तिचा मेनोपॉज चालू आहे ना, म्हणून चिडचिड करते’ ऐकून माझीच चिडचिड व्हायला लागली आहे. अहो, निवृत्ती चालू कशी असेल? मी शाळेतून ३१ मेला निवृत्त झाले. त्याआधीची चार वर्षं मुलांवर खेकसत काढली हे खरं, पण तेव्हा हजेरीपटावर माझी सही होती. रजोनिवृत्तीही तशीच, एका तारखेची. शेवटची पाळी येते ती तारीख. फरक एवढाच, की आमची तारीख सरकार आधी कळवतं आणि ही नंतर कळते. पुढचे सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे मागे वळून बोट ठेवायचं: ती शेवटची होती.

रज म्हणजे काय, ऋतू म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मजा आहे ती ‘निवृत्ती’त. यातला धातू वृत्, म्हणजे फिरणे, वळणे. वर्तुळ त्यातलं, आवर्तन त्यातलं, दिव्याची वळलेली वात त्यातली, आणि आपण उठल्याबसल्या ज्याच्या नावाने खडे फोडतो ते वाटोळंही त्यातलंच. निवृत्ती म्हणजे फिरणं थांबणं. ‘निवर्तले’ म्हटलं की माणूस गेला, इतका हा शब्द पक्का आहे. आणि आता बघा. सुश्रुतसंहितेत बाईच्या रजाबद्दल क्रियापद काय घातलंय? ‘प्रवर्तते’. तोच वृत्! बाराव्या वर्षानंतर प्रवर्तते, आणि पन्नाशीला? इथे तुम्ही ‘निवर्तते’ची वाट बघाल. सुश्रुत म्हणतो ‘याति पञ्चाशतः क्षयम्’. क्षय! कृष्णपक्षातल्या चंद्रासारखं कलेकलेने कमी होत जाणं. निवृत्ती हा क्षण आहे आणि क्षय ही चाल आहे, हा भेद त्या माणसाच्या शब्दात आहे आणि आपल्या बोलण्यातून गेला आहे. (‘रजःक्षय’ हा शब्द मी एकदा सुचवला होता. ‘बाई, लोकांना टीबी वाटेल’ म्हणून हसण्यावारी नेला गेला. असो.)

आणि ‘मेनोपॉज’? गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली ‘मेनेस्पोझी’ असा शब्द घडवला, १८२१ मध्ये तो आटोपशीर करून ‘मेनोपोज’ केला. ग्रीक ‘मेन’ म्हणजे महिना, तो आपल्या ‘मास’चा सख्खा चुलतभाऊ, आणि ‘पाउसिस’ म्हणजे थांबणं. मोबाइलवर पॉजचं बटण दाबलं की गाणं पुन्हा सुरू होतं, तसला हा पॉज नव्हे.

पण खरा शब्द आहे ‘पाळी’. आमच्या एका विद्वान मित्रांनी छापून टाकलं आहे, की बायका त्या दिवसांत विटाळ ‘पाळत’ म्हणून ती पाळी. हे वाचून मी कपाळाला हात लावला. मग अमळनेरच्या प्रताप मिलमधले कामगार दिवसपाळी-रात्रपाळी करत ते कुठला विटाळ पाळत होते? कपाशीच्या रानात वखराच्या दोन पाळ्या देतात, तेव्हा बैल शिवत नाहीत का? संस्कृत ‘पालि’ म्हणजे ओळ, कड. कानाची पाळी ही कडच आहे. ओळीत उभं राहिलं की आपला नंबर येतो आणि पुन्हा पुन्हा येतो, ती पाळी. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण त्यांनी रात्री दोन वाजता कंदील घेऊन पाण्याची पाळी कधी धरलेली नसते.

मी धरली आहे. पांझरेवरची फड पद्धत इकडे साक्री-धुळ्याकडे शेकडो वर्षांची: नदीत बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली गावाच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी पाळीने. माझे आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी पाळीने वाटून देणारे. दिवाळीनंतर पाळी ठरल्या दिवशी यायची. पुढे नदी उतरायला लागली, की एखादी पाळी आठ दिवस अलीकडे-पलीकडे. मग लांबत लांबत दोन पाळ्यांत एवढी फट पडायची, की लोक विचारायचे, ‘पाळी गयी का बा?’ आजोबा नाही म्हणायचे, हो पण म्हणायचे नाहीत. आणि एकदा अचानक भरपूर पाणी यायचं. शेवटची पाळी कुठली ते वैशाखात कळायचं, तीही मागे मोजून.

आता डॉक्टर हे टप्पे कसे ओळखतात ते ऐका आणि माझ्या आजोबांना दाद द्या. २००१ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून पायऱ्या ठरवल्या, ‘स्ट्रॉ’ या नावाने, आणि २०११ मध्ये त्या पुन्हा तपासल्या. शेवटची पाळी म्हणजे शून्य, आधीच्या पायऱ्या उणे, नंतरच्या अधिक. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला, आणि पुढच्या दहा चक्रांत तो पुन्हा दिसला, की उताराची पहिली पायरी. दोन पाळ्यांत ६० दिवस किंवा त्याहून मोठी फट पडली, की दुसरी. ही साधारण एक ते तीन वर्षं चालते, आणि अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने भिजणं हे बहुतेक इथेच जोर धरतं. रक्तातल्या एफएसएचचा (अंडाशयाला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा) आकडाही बघतात, पण तो या काळात आज वर तर उद्या खाली. म्हणून पंचेचाळिशीपुढच्या बाईसाठी कालनिर्णयावर गोल केलेल्या तारखा हा पहिला रिपोर्ट. पाटकऱ्याची वही, दुसरं काय!

हां, ताईंचा प्रश्न राहिलाच. ‘रजोनिवृत्तीपूर्व अवस्था’ हा छापील शब्द मला मान्य नाही. विशीतली मुलगीही रजोनिवृत्तीच्या पूर्वीच असते. शिवाय पेरिमेनोपॉजमध्ये शेवटच्या पाळीनंतरचं एक वर्षही धरतात, मग ‘पूर्व’ कसं? त्यांचा ‘पेरि’ आणि आपला ‘परि’ एकच, अवतीभवती. तेव्हा ‘परिनिवृत्ती’ म्हणता येईल, पण ते परिनिर्वाणासारखं ऐकू येतं. मी ‘उतरती पाळी’ म्हणते. नणंदेला सांगा, ‘माझी पाळी उतरतीला लागली आहे.’ बंद झाल्यावर, वर्ष मोजून, ‘पाळी गेली’ म्हणा. ‘गेली’ हे भूतकाळाचं रूप आहे, त्यात ‘चालू’ घुसायला जागाच नाही.

‘पिशवी काढली, म्हणजे माझी रजोनिवृत्ती झाली’ हेही सर्रास ऐकू येतं. शब्दाच्या अक्षराने बरोबर, रज थांबलं. पण अंडाशय जागेवर असतील तर आतली आवर्तनं चालूच असतात, फक्त पाटात पाणी दिसत नाही. अशा बाईचा टप्पा तारखांवरून काढता येत नाही. तिथे रक्ताचा तपास आणि लक्षणंच बघावी लागतात.

आणि ज्या वापराने मला खरी भीती वाटते तो हा: ‘दीड वर्षाने पाळी परत आली.’ बारा महिने उलटल्यावर जे अंगावरून जातं त्याला मराठीत पाळी म्हणायचं नाही, रक्तस्राव म्हणायचं. पाळी म्हटलं की बाई कापड घेते आणि गप्प बसते. रक्तस्राव म्हटलं की दवाखान्यात जाते. माझ्या मावशीने ‘पाळी’ म्हटलं होतं, आठ महिने.