दहा वर्षं हात बसलाय, आता अजून काय शिकायचं?

प्रश्न: नमस्कार. मी दहा वर्षांपासून डॉग ग्रूमिंग करतेय, कोर्स तेव्हाच केला होता. हात बसलाय, गिऱ्हाईक टिकून आहे. पण परवा नवीन आलेल्या मुलीने सहज विचारलं, ताई तुम्ही शेवटचं नवीन काय शिकलात, आणि मला काही सांगताच येईना. पुन्हा कोर्स करायचा म्हणजे काम बंद ठेवायचं. खरंच गरज आहे का, आणि असेल तर नेमकं शिकायचं काय?

उत्तर: गरज आहे, आणि तुम्हाला तो प्रश्न टोचला हेच मला खूप बरं वाटलं. बघा, हात बसतो तो कात्रीवर आणि क्लिपरवर, पण कात्रीखालच्या कातडीबद्दल आपण जे दहा वर्षांपूर्वी शिकलो तेच धरून बसतो, आणि मोठ्या चुका तिथेच होतात.

शॅम्पूचंच घ्या. शॅम्पू पाणी घालून पातळ करायचा, उरलेला बाटलीत ठेवायचा आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तोच वापरायचा, हे कितीतरी जण करतात, मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. त्या पातळ शॅम्पूत स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढू शकतात आणि अंघोळ घालताना केसांच्या उलट दिशेने जोरात चोळलं की ते केसांच्या मुळाशी जाऊन बसतात, मग एकदोन दिवसांत कुत्र्याची पाठ इतकी दुखते की हात लावू देत नाही, ताप येतो, मलूल होतं, आणि फोड लगेच दिसतीलच असं नाही म्हणून मालकाला वाटतं पाठीला मार लागला असेल. व्हेट याला पोस्ट ग्रूमिंग फुरुंक्युलोसिस म्हणतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तेव्हापासून लागेल तेवढाच शॅम्पू त्या दिवशी कालवायचा, उरला की ओतून द्यायचा, बाटली धुवून पूर्ण वाळवायची. अंघोळीनंतर असं काही दिसलं तर मालकाला त्याच दिवशी व्हेटकडे पाठवा आणि कोणता शॅम्पू वापरला तेही लपवू नका.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात हस्की किंवा पोमेरेनियनचं टक्कल करून द्या म्हणणारे मालक. त्यांना वाटतं केस गेले की गार वाटेल. पण खालचा मऊ अंडरकोट विंचरून आणि ब्लोअरने मोकळा करायचा असतो, वरचे केस उन्हापासून वाचवतात, ते मुळापासून काढले तर काही कुत्र्यांना महिनोन्महिने नीट केस येत नाहीत, आले तरी पोत वेगळाच. हे मालकाला न दुखावता समजावणं हेही शिकायचंच आहे की. कानातले केस सरसकट उपटायचे ही सवयही तशीच, कान निरोगी असेल तर उगाच ओढून आग कशाला करायची?

आता काय शिकायचं त्याचा माझा क्रम. आधी फर्स्ट एड आणि उष्णता. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री गरम ड्रायरखाली फार पटकन धापा टाकायला लागतात. कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39 डिग्री सेल्सियस असतं, 41 च्या पुढे गेलं तर तो उष्माघात, तेव्हा ड्रायर बंद करून साध्या पाण्याने अंग भिजवत, वारा घालत लगेच व्हेटकडे न्यायचं. मग देहबोली. सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं गुरगुरण्याच्या आधी येतं, आणि तिथेच थांबलात तर चावा वाचतो. मग त्वचेचे आजार, कारण गजकर्ण आपल्यालाही होतं आणि साफ न केलेल्या ब्लेडवरून पुढच्या कुत्र्यालाही जातं. स्टायलिंग सगळ्यात शेवटी, कारण ते तुम्हाला येतंय.

काम बंद ठेवायची गरज नाही. महिन्यातला अर्धा दिवस राखून ठेवा. ओळखीच्या व्हेटला विचारा, त्वचेच्या पेशंटच्या वेळी बाजूला उभी राहू का. एखाद्या दुसऱ्या ग्रूमरच्या टेबलाशी दिवसभर नुसतं बघत थांबा. आणि एक वही ठेवा, कुठे कात्री लागली, कुठलं ब्लेड तापून कातडी लाल झाली, कुठलं कुत्रं कशाने बिथरलं, सगळं तारखेसकट लिहा. तीन महिन्यांनी वही उघडली की पुढचा कोर्स कुठला घ्यायचा ते तिथेच दिसतं.

प्रश्न: ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट चालतं का?

उत्तर: देहबोली, त्वचा, स्वच्छता यासाठी चांगलं चालतं. हॅण्ड स्ट्रिपिंग, म्हणजे सुटायला आलेले केस न कापता हाताने ओढून काढणं, किंवा घाबरलेल्या कुत्र्याची नखं कापणं मात्र व्हिडिओ बघून येत नाही, त्याला शेजारी उभं राहून तुमचा हात धरून दाखवणारं कोणीतरी लागतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी प्रत्यक्ष कुत्र्यावर काम किती तास आहे ते विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर भरू नका.