परफ्युम आणि कोलोन फ्रान्सनंच जगाला दिलं ना?

नाही. असलं वाचलं की गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

माझे आजोबा परभणीत अत्तर विकायचे. चुलत बहिणीचं लग्न भर मे महिन्यात होतं, मांडवाच्या दारात आजोबा स्वतः उभे, वाळ्याचं अत्तर खास त्या दिवसासाठी काढलेलं, कुपीतली काचेची काडी येणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर अलगद फिरवायची आणि वर कापसाचा एक फाया द्यायचा कानात ठेवायला. नवरदेवाच्या मामांनी हात झटकन मागं घेतला, म्हणले आम्ही फ्रान्सचं वापरतो, ह्या तेलानं डाग पडतात. वरपक्षाचा माणूस, मी तोंड उघडायच्या आत वडिलांनी डोळे वटारले. आजोबा काही बोलले नाहीत, काडी पुसली अन् पुढच्या पाहुण्याचा हात धरला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कोलोन बनवलं इटलीहून आलेल्या योहान मारिया फारिनानं, तेही जर्मनीतल्या कोलोन शहरात, १७०९ च्या सुमाराला. फ्रान्सचं ग्रास गाव आज एवढं मिरवतं, पण तिथला मूळ धंदा चामडं कमावायचा, हातमोज्यांचा वास लपवायला सुगंध आला. त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. १२०० च्या सुमाराला, मेसोपोटेमियात ताप्पुती नावाची बाई सुगंध बनवायची, मातीच्या पाटीवर तशी नोंदच आहे. आणि आपल्याकडं? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंध बनवायच्या कृतींचा, अख्खा अध्याय आहे. १२ व्या शतकात 'मानसोल्लास'मध्ये राजानं अंगाला कोणती उटी लावावी, धूप कसा घ्यावा हे लिहिणारा सोमेश्वर तर कल्याणीचा (आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा, म्हणजे आमच्या उमरग्याच्या शेजारचाच.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला अजूनही तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, झाकण मातीनं लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते आणि तिथलं चंदनाचं तेल तो वास धरून ठेवतं. स्प्रेतलं अल्कोहोल आमच्या उन्हात बसस्टँडपर्यंत सुद्धा टिकत नाही, तेलातलं अत्तर संध्याकाळपर्यंत राहतं. त्यामुळं फ्रेंच लेबलला पैसे घालू नका, उन्हाळ्यात वाळा नाहीतर गुलाब घ्या, थंडीत हिना.

हां, डागाचं खरं आहे, पांढऱ्या कपड्याला लावू नका, अंगाला लावा. चंदन महाग झाल्यापासून स्वस्तातल्या बऱ्याच अत्तरांत दुसरंच तेल असतं, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या, आणि कातडी नाजूक असेल तर आधी थेंबभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.