वेग कमी करताच बंद पडणारे इंजिन

प्रश्न : पावसाळाभर शेडमध्ये ठेवलेले आमच्या होडीचे ८ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन जोरात नीट चालते, पण वेग कमी करताच बंद पडते. काय करावे? (एक वाचक, मालवण)

उत्तर : जोरात इंजिन नीट चालते, त्याअर्थी कार्बोरेटरमधील आयडल जेटचे (मंद वेगात इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागाचे) अतिशय बारीक छिद्र जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजले असावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते. म्हणून आधी जुने इंधन काढून फिल्टर बदलावा आणि मगच जेट कार्बोरेटर क्लीनरने साफ करावे. छिद्रात तार मात्र घालू नये, ते मोठे होते. आयडल स्क्रू (इंजिनाचा मंद वेग ठरवणारा स्क्रू) फिरवून दोष झाकण्याचा मोह (तो सर्वांनाच होतो) टाळावा.