एअरब्रश राहू द्या, आधी किट साबणाने धुवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिग-21 विमानाचं 1/72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिक मॉडेल आणि 28 मिलिमीटरचे चार सैनिक रंगवले, दोन्हीकडे ब्रशचे पट्टे दिसतायत, मिगच्या पंखावरून रंगाचे पापुद्रे सुटतायत, तर आता एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घ्यावा का? शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर राहता आणि सुट्टीच्या दुपारी कूलरसमोर बसून रंगवता. माझं अर्धं उत्तर त्या वाक्यातच आहे. एअरब्रश घेतलात तरी पापुद्रे सुटायचे थांबणार नाहीत, फक्त जास्त पैसे घालून सुटतील.

पापुद्रे सुटतात ते रंगामुळे क्वचितच. साच्यातून प्लास्टिक सहज निघावं म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश भागांवर राहिलेला असतो, त्यात आपल्या घामट बोटांची भर. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, त्या फ्रेमवर असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. बेसिनची जाळी आधी झाका. माझ्या एका विमानाचं पुढचं चाक आजही ड्रेनेजमध्ये असेल.

भाग फ्रेममधून पिरगळून तोडू नका. निपरने (छोट्या कापणाऱ्या पकडीने) थोडं बूड ठेवून कापा, उरलेलं कटरने हळूहळू छाटा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ उठते. कटरच्या पात्याची बोथट पाठ तिच्यावरून फिरवली की ती निघते. मग 600 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर, गाड्यांना रंग देणारे वापरतात तोच, ओला करून. सैनिकांच्या खांद्यावर आणि टोपीवर ही रेघ हमखास असते. ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा. आता दिसली नाही तर रंग चढल्यावर सगळ्यांना दिसते.

प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, मी तीन मॉडेल घालवली आहेत. मे महिन्यात, दुपारी दोनला, गच्चीवर, ‘लवकर वाळेल’ म्हणून स्प्रे मारला. पृष्ठभाग वॉटर पेपरसारखा खरखरीत झाला. मी डब्याला शिव्या दिल्या, दुसरा आणला, पुन्हा तेच. 42-43 अंशांत फवाऱ्याचे थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होते आणि वर पीठ भुरभुरल्यासारखे बसत होते, हे कळायला तिसरं मॉडेल लागलं. तेव्हापासून प्रायमर सकाळी सहा-साडेसहालाच. डबा नीट हलवायचा, वीतभर अंतर ठेवायचं, फवारा मॉडेलच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा. दोन-तीन विरळ हात पुरतात. गाड्यांचा प्रायमर वापरणार असाल तर आधी रिकाम्या फ्रेमवर मारून बघा, काही प्रायमर प्लास्टिक खातात. आणि स्प्रेचा डबा उन्हात ठेवू नका, फुटू शकतो.

आता पट्टे. ॲक्रिलिक, म्हणजे पाण्याने पातळ होणारा रंग, तुमच्या खोलीत पॅलेटवरच घट्ट होतो, तुम्ही तोच घट्ट रंग ओढता, तो अर्धवट वाळतो, तुम्ही ‘जरा सारखं करावं’ म्हणून पुन्हा ब्रश फिरवता. पट्टा तिथे तयार होतो. यावर उपाय म्हणजे ओली पॅलेट, आणि तिचं सामान आपल्या गावात मुबलक आहे. मिठाईचा उथळ प्लास्टिक डबा घ्या, त्यात सोलापुरी टर्किश नॅपकिनचा तुकडा घडी करून बसवा, चिंब भिजवा, वर बटर पेपर पसरा. कागदाच्या खालून ओल झिरपत राहते, रंग तासन् तास ओला राहतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. नॅपकिन दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर कुबट वास येतो. बोअरचं जड पाणी नको, फिल्टरचं चालेल. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, स्वस्त असतं.

रंग दुधाइतका पातळ हवा. पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसणारच, दिसू द्या. पूर्ण वाळला की दुसरा, लागला तर तिसरा. ब्रश एकाच दिशेने ओढायचा, आणि ओढून झालेल्या जागी परत जायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. खरं मिग 14 मीटरच्या वर लांब, तुमच्या हातातलं वीतभरही नाही. जाड रंगाच्या एका हाताखाली त्याच्या पत्र्यांच्या सगळ्या रेघा बुजतात.

कूलरचं तोंड टेबलाकडून फिरवा. वाऱ्याने ब्रशच्या टोकावरचा रंग वाळतो आणि पाण्याचे तुषार ताज्या रंगावर ठिपके पाडतात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात आणखी एक पीडा आहे, कापडाच्या मागांवरून उडणारी सुताची लव. ताज्या रंगावर बसली की केस चिकटल्यासारखी दिसते. रंगवून झालं की मॉडेलवर डबा पालथा घालतो, एवढाच बंदोबस्त.

सैनिकांचं काम त्या मानाने सोपं. मूळ रंग वाळले की काळपट तपकिरी रंग भरपूर पातळ करून सोडा, तो घड्यांत आणि खाचांत जाऊन बसतो. साचून डबकं झालं तर कोरड्या ब्रशने टिपा. मग फिकट रंग ब्रशला लावून जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका आणि उंचवट्यांवरून अलगद फिरवा. डोळे शेवटी. गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारे बघा, मनगट टेकवल्याशिवाय रेघ मारत नाहीत. मी दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवतो आणि श्वास रोखतो. नाहीच जमले तर नुसती गडद सावली द्या, 28 मिलिमीटरच्या माणसाचे डोळे हातभरावरून कुणाला दिसत नाहीत.

सध्याचं मिग फेकू नका. ॲक्रिलिक असेल तर केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, खिडकी उघडी ठेवून भाग त्यात थोडा वेळ बुडवा, टूथब्रशने रंग निघेल. गॅस जवळ नको. आणि घाईत घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर उचलू नका. बहुतेकांत ॲसिटोन असतं, त्यात किटचं प्लास्टिक विरघळतं. माझ्या कपाटात एक मिग आहे, त्याच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे.