होमोसिस्टीन वाढलंय, म्हणजे अल्झायमर सुरू झाला का?

‘आईला अल्झायमर आहे आणि माझं होमोसिस्टीन २३ आलंय. मलाही सुरू झाला ना?’ बावन्न वर्षांच्या बाईंनी आल्या आल्या रिपोर्ट पुढे केला. त्यावर त्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला.

हा आकडा निदान नव्हे. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीरात होमोसिस्टीन बनतं. बी१२, फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) किंवा बी६ ही जीवनसत्त्वं कमी पडली की ते रक्तात साचतं. मूत्रपिंडाचं किंवा थायरॉइडचं काम मंदावलं तरीही वाढतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या २००२ मधल्या अभ्यासात लिटरमागे १४ मायक्रोमोलच्या वर पातळी असणाऱ्यांत अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट दिसला होता, हे खरं. पण त्या लोकांचं सरासरी वय होतं ७६.

शिवाय नमुन्याचीच खात्री नव्हती. रक्त काढून नळी तशीच ठेवली तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात आणि आकडा फुगतो. नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा करावा लागतो. म्हणून उपाशीपोटी फेरतपासणी सुचवली, सोबत बी१२, फोलेट, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच. आकडा १९ वर आला, बी१२ मात्र मिलिलिटरमागे अवघं १६० पिकोग्रॅम. गोळ्यांच्या यादीत नऊ वर्षांपासून चालू असलेलं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध होतं. त्याने बी१२चं शोषण घटतं.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून बाईंनी नुसतं फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं होतं. हे घातक. बी१२ कमी असताना एकट्या फॉलिकने हिमोग्लोबिन सुधारतं, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. डॉक्टरांनी बी१२ दिल्यावर तीन महिन्यांत होमोसिस्टीन ११ झालं. याने अल्झायमर टळतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. बी१२ची कमतरता मात्र स्वतःच विसराळूपणा आणू शकते, तेवढ्यासाठीही ती भरून काढायलाच हवी.

मग प्रश्न आला अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जनुकाच्या चाचणीचा. या जनुकाच्या ई४ प्रकाराची एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट धरतात. तरीही अनेकांना आजार होत नाही, आणि ई४ नसलेल्यांनाही होतो. आईची लक्षणं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुरू झालेली, त्यामुळे तरुणपणी दिसणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक प्रकाराची शंका नव्हती. निकाल काहीही आला असता तरी उपचार तेच राहिले असते. चाचणी नको असं ठरलं.

त्याच कागदावर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६८ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ होतं. त्यांना गोल केलेला नव्हता! मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत धरलं; मधुमेह आधीपासूनच त्या यादीत आहे. डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न लिहून दिले: कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन लागेल का, साखरेचं औषध बदलायचं का, आणि मेटफॉर्मिन चालू राहणार असेल तर बी१२ किती महिन्यांनी तपासायचं.