शॅम्पेनच्या लेबलवरचे ‘व्हिंटेज’

‘व्हिंटेज शॅम्पेन’साठी मराठीत ‘जुनी, मुरलेली शॅम्पेन’ चालेल का, असा प्रश्न आहे. चालणार नाही. ‘व्हिंटेज कार’मुळे या शब्दाला आपल्याकडे जुनेपणाचा वास लागला. मुळात लॅटिन ‘विन्डेमिया’ म्हणजे द्राक्षांची तोडणी. शॅम्पेनपुरता अर्थ अगदी नेमका आहे: बाटलीतली सगळी वाइन लेबलवर छापलेल्या एकाच सालच्या द्राक्षांची. फ्रेंच लेबलवर त्याला ‘मिलेझिम’ म्हणतात.

शॅम्पेन जिथे बनते तो फ्रान्समधला रँस आणि एपर्ने या शहरांचा भाग थंड, तिथे दर साली द्राक्षे सारखी पिकत नाहीत. म्हणून उत्पादक मागच्या सालांची राखून ठेवलेली वाइन मिसळतात आणि लेबलवर साल छापत नाहीत. हंगाम खरोखर चांगला गेला, तरच साल येते. नियमाने बिनसालाची बाटली भरल्यापासून किमान १५ महिने ठेवतात, सालाची ३ वर्षे. नामांकित घराणी, म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या कंपन्या, याहून बरीच जास्त. या काळात मेलेल्या यीस्टचा साका वाइनमध्ये उतरत जातो आणि ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा गंध देतो. साका काढला की हे थांबते. म्हणून एकाच सालच्या दोन बाटल्यांत साका उशिरा काढलेली जास्त ताजी लागते; मागच्या लेबलवर ती तारीख असेल तर जरूर पाहावी.

‘प्रेस्टीज क्युवे’ हा वेगळाच शब्द. त्याला कायद्याची व्याख्या नाही. घराण्याची सर्वांत वरची वाइन, एवढाच अर्थ. दों पेरिन्यों ही अशीच एक वाइन, ती नेहमी सालाचीच निघते: पहिले साल १९२१, विक्रीला आली १९३६मध्ये. २००८ सालची बाटली तर २००९ सालच्या बाटलीनंतर बाजारात आली, म्हणजे सालावरून विक्रीचा क्रमही ठरत नाही. उलट क्रुगची ग्रांद क्युवे किंवा लोराँ-पेरिएची ग्रां सिएक्ल अनेक सालांच्या मिश्रणाची, तरीही मानाची. क्रुगमधली काही वाइन तर दहा-दहा वर्षे राखलेली असते. तेव्हा ‘प्रेस्टीज’ आणि ‘व्हिंटेज’ एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

बिनसालाची बाटली कपाटात दहा वर्षे ठेवली म्हणून ती व्हिंटेज होत नाही. मुंबईच्या उकाड्यात तर बुडबुडे मंदावतात, रंग गडद होतो आणि चव शिळी पडते.

भाषांतरात ‘२००८ सालची शॅम्पेन’ लिहावे; साल दिलेले नसेल तर ‘एकाच सालची शॅम्पेन’. ‘जुनी’ हे विशेषण बाटलीचे वय खरोखर सांगायचे असेल तेव्हाच.